इलाहीचाचांची कानस

हल्ली माझ्या विद्यार्थिनी मोबाइलवर तंबोरा लावून गायला बसतात. फोन भिंतीला टेकवायचा, बोटानं पट्टी निवडायची, की झालं. मी काही बोलत नाही. बोलले की 'बाई पुन्हा सुरू झाल्या' अशा नजरेनं त्या एकमेकींकडे बघतात, आणि त्यात त्यांचं फारसं चुकतही नाही. पण त्या फोनच्या आवाजात माणूस नाही. माझ्या तंबोऱ्यात आहे. त्या माणसाचं नाव इलाहीचाचा, राहणार मिरज, काम तंबोरे आणि सतारी करण्याचं.

माझे वडील सैन्यात सुभेदार होते. पेन्शनीत आल्यावर आबांनी साताऱ्याजवळच्या आमच्या गावात ऊस लावला आणि मला गाणं शिकायला घातलं. गावाला पहिली गोष्ट समजली, दुसरी समजेना. "सुभेदार, पोरीला काय तमाशात धाडताय व्हय?" असं एकानं चारचौघांत विचारलं. आबांनी त्याला उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवलं, वेणी घालायला लावली आणि माझा हात धरून मिरजेची एसटी पकडली. तंबोरा घ्यायला. आबांची उत्तरं अशीच असायची.

मी तेव्हा शाळेत होते. कराड, इस्लामपूर, सांगली करत आम्ही मिरजेला पोचलो. सतारमेकर गल्लीत शिरल्यावर मी आधी वर बघितलं. दुकानाच्या आढ्याला दोरीनं भोपळे टांगले होते, खाण्याचे नव्हेत, वाळवलेले, माझ्या कवेत मावणार नाहीत एवढे. खाली लाकडाचा भुसा, पॉलिशचा वास, आणि त्यात लुंगी-बनियनवर बसलेला तिशीतला एक माणूस. कानावर पेन्सिल. आबांनी आपण कोण ते सांगितलं, तरी त्यानं आम्हांला एकही तंबोरा दाखवला नाही. माझ्याकडे बघून म्हणाला, "सा लाव, पोरी."

मी आबांच्या मागं सरकले. आबा म्हणाले, "गा की. भ्यायचं काय त्यात?" हे त्यांनी परेडच्या आवाजात म्हटल्यामुळं उरलंसुरलं अवसानही गेलं. तेव्हा तो माणूस आबांना म्हणाला, "सुभेदारसाब, तुमी वाईच कोपऱ्यावर च्या पिऊन या." आबा गेले. आतल्या पडद्याआडून त्याची बायको आली, तिनं माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि परत गेली. ती खातूनबी, पुढं माझी चाची झाली. गूळ विरघळला आणि मी सा लावला.

चाचांनी डोळे मिटून ऐकलं. आबा परत आल्यावर त्यांना सांगितलं, "आज जो आवाज हाय त्येचा तंबोरा न्हाई करणार. उद्या जो हुईल त्येचा करतो. थांबायला लागंल." आबा थांबायला तयार होते. पलटणीत त्यांनी दुसरं काय केलं होतं?

काही महिन्यांनी आम्ही तंबोरा आणायला गेलो, त्या दिवशी मी पहिल्यांदा जवारी काढताना बघितली. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात तिला घोडी म्हणतात. त्या घोडीची पाठ कानशीनं घासून तिला असा उतार द्यायचा, की तार तिला जेमतेम शिवावी आणि आवाज नुसता न निघता फुलत जावा. ही जवारी. थोडं घासायचं, तार छेडायची, ऐकायचं. पुन्हा थोडं घासायचं. चाचा म्हणाले, "खर्जाच्या तारंत गंधार कुणी वाजवत न्हाई. पर त्यो आपला आपून येतो. आपून फकस्त त्येची वाट मोकळी करायची." त्यांनी किती वेळा घासलं कोण जाणे. मला कंटाळा आला, आबा बसल्या जागी पेंगले. मग एकदम चाचांनी एक बोट वर केलं.

"आला."

मला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्यांनी माझा कान दांडीला टेकवला आणि खर्जाची तार पुन्हा छेडली. तेव्हा तो आला, त्या जाड आवाजाच्या पोटातून, बारीक, गोड, कुणीही न वाजवलेला गंधार. माझ्या अंगावर काटा आला. आज साठी ओलांडली, हजारो वेळा तंबोरा छेडला, तरी गंधार म्हटलं की मला तेच दुकान आठवतं आणि जिभेवर गूळ येतो.

परत येताना कंडक्टरनं तंबोऱ्याला जागा दिली नाही. आबांनी तंबोऱ्याचं अर्धं तिकीट काढलं, त्याला खिडकीशी बसवलं आणि स्वतः साताऱ्यापर्यंत उभे राहिले.

तेव्हापासून माझ्या मिरजेच्या फेऱ्या सुरू झाल्या. वाजवून वाजवून तारा हाडात रुतायला लागतात आणि आवाज बसतो. मग जवारी नव्यानं काढावी लागते. मी दुसरीकडे कुठं गेले नाही. लग्न झालं, साताऱ्यात गाण्याचे वर्ग काढले, आबा गेले, पण जवारी बसली की तंबोऱ्याला गवसणी घालून मी निघायचीच. चाचा आधी माझी विचारपूस करत नसत, तंबोऱ्याची करत. "स्वयंपाकघराजवळ ठिवतीस न्हवं का? उन्हात न्हेलीस?" मुलीला सासरी जाच आहे का हे माहेरच्यांनी हळूच काढून घ्यावं, तसं ते सगळं काढून घेत.

हा माणूस सगळं ऐकून आणि अंदाजानं करायचा. कलिंगड वाजवून घ्यायचा, रिक्षात बसला की ड्रायव्हरला इंजिनात काय बिघडलंय ते सांगायचा. भाजीत मीठ घालायचं तरी चिमूट टाकून, चाखून, पुन्हा चिमूट. चाची वैतागायची. "च्यात साकरबी जवारी काडल्यागत घालत्यात. तवर च्या गार हुतो," असं ती मला दर वेळी सांगायची आणि चाचा दर वेळी हसायचे.

त्यांची कानस त्यांच्या वडिलांच्या हातची होती. तिची लाकडी मूठ घामानं काळी पडलेली. तिला कुणी हात लावायचा नाही. मुलगा सरफराज ह्या कामात रमला नाही, तो कुपवाडच्या कारखान्यात लागला. त्याची मुलगी नौशीन मात्र बी.कॉम. होऊन दुकानातच बसायला लागली. फोनवर गिऱ्हाइकं बघायची, तारा चढवायची, खुंट्या बसवायची. तिचा कान चांगला आहे हे मला दोन-तीन फेऱ्यांत कळलं. चाचांनाही कळलं असणार. पण तिनं कानस मागितली की त्यांचं एकच उत्तर, "आदी माजा हात थांबू दे."

"हात थांबल्यावर शिकवणार कोण मग?" नौशीननं मला विचारलं होतं. मनातून मलाही तेच वाटत होतं, की चाचांच्या नंतर माझ्या तंबोऱ्यातला गंधार कायमचा जाणार.

मागच्या उन्हाळ्यात चाचांना नागीण झाली. उजव्या काखेखालून पाठीपर्यंत पुरळ, पाण्यानं भरलेले फोड. गल्लीतल्या बायकांनी गेरू लावायला सांगितलं, आणि नागिणीचं तोंड-शेपूट जुळलं की माणूस जातो म्हणून चाचीला पुरती घाबरवून सोडली. फोड वाळले, खपल्या पडल्या, सगळ्यांनी हुश्श केलं. आणि मग खरं दुखणं सुरू झालं. कातडीवर काही दिसत नव्हतं, पण आत विस्तव ठेवल्यासारखी आग. बनियनचं कापड लागलं तरी चाचा ओरडायचे. उजवा हात उचलला की पाठीतून वीज जायची. आणि कानस त्या हातात.

नौशीन त्यांना सांगलीत विश्रामबागला डॉक्टर प्रियदर्शनींकडे घेऊन गेली. त्यांनी सांगितलं की नागीण गेली तरी तिनं चिडवलेली नस अजून चिडलेली आहे. कॅप्सूल लिहून दिल्या. सुरुवात थोडक्यानं, मग हळूहळू वाढवत न्यायचं, आणि गुण यायला काही आठवडे जातील असं बजावलं. घरी आल्यावर नौशीननं पाकिटातला कागद वाचला. हेच औषध फिट येणाऱ्या माणसालाही देतात असं त्यात होतं. चाचीनं हे शेजारणीला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी गल्लीत चाचांना फिट येतात अशी बातमी. चाचा भडकले. "माजी पाठ दुकती आनि ही बाई मला फिटंची गोळी देती!"

तरी त्यांनी गोळी घेतली, कारण दुखणं खोटं नव्हतं. पण घेतली ती आपल्या पद्धतीनं. नौशीन दुकानात असली की हे आत जायचे, कॅप्सूल उघडायचे, पेपरच्या तुकड्यावर थोडी पावडर झटकायचे आणि उरलेली पाण्यातून घ्यायचे. दुखणं कमी वाटलं तर निम्मी झटकायची. जास्त वाटलं तर दोन एकदम. थोडं घ्यायचं, थांबायचं, अंगाचं ऐकायचं, पुन्हा थोडं. आयुष्यभर ज्या रीतीनं जवारी काढली त्याच रीतीनं त्यांनी औषधाची मात्रा ठरवायला घेतली. ही चूक जगात दुसऱ्या कुणाला सुचली नसती. मध्येच छातीत जळजळलं की वर पांढरं ॲसिडिटीचं औषध, त्याच घोटात. दुखण्याचे दिवस वाढत गेले तसे दोन-दोनचे दिवसही वाढत गेले. मग दुपारी गुंगी यायची. बसल्या बसल्या डोळा लागायचा आणि कानस मांडीवर पडायची.

हे सगळं मला नंतर कळलं. मला माहीत होतं ते एवढंच, की माझ्या तंबोऱ्याची जवारी बसली आहे. मी फोन केला. चाचा म्हणाले, "ये की. तुज्या तंबोऱ्याला कवा न्हाई म्हटलंय का?"

आणि त्या फोननंतर त्यांनी गोळ्या पार बंद केल्या. गुंगीत गंधार ऐकू येत नाही म्हणून. सुभेदाराच्या पोरीचा तंबोरा येणार, कान साफ पाहिजे. घरात कुणाला सांगितलंसुद्धा नाही. कॅप्सूल मुकाट्यानं खिशात जात होत्या.

मी पोचले तेव्हा चाचा दुकानात बसले होते, पण ते मला ओळखू येईनात. डोळे खोल गेलेले, थंडीचे दिवस असून कपाळावर घाम. चाची म्हणाली झोप नाही, अन्न जात नाही, नुसते येरझाऱ्या घालतात. मी म्हटलं, "चाचा, तंबोरा राहू दे. मी पुन्हा येते."

"गप बस तू," म्हणाले आणि माझ्या हातून तंबोरा घेतला.

तीच घोडी होती. मी शाळेत असताना त्यांनी बसवलेली. इतक्या वर्षांत घासून घासून ती खाली आली होती, पण त्यांनी कधी बदलली नव्हती. त्यांनी कानस टेकवली. एकदा घासलं, तार छेडली, मान हलवली. दुसऱ्यांदा कानस टेकवली आणि त्यांचे डोळे वर फिरले. सगळं अंग ताठ झालं, मग हिसके बसायला लागले. कानस घोडीवरून खरकन घसरली. मी त्यांना सावरायला धावले तोवर ते भुशात आडवे झाले होते.

चाचीनं किंचाळून पायातली चप्पल काढली, नाकाशी धरायला. कुणीतरी बाहेरून कांदा आणा म्हणून ओरडलं. नौशीननं चाचीचा हात धरला. "काही हुंगवायचं नाही, तोंडात काही घालायचं नाही." तिनं आधी भोवतीच्या छिन्न्या, कानस लांब सारली, डोक्याखाली आपली ओढणी दिली, गळ्याशी कापड सैल केलं. हिसके ओसरायला लागल्यावर आम्ही दोघींनी त्यांना कुशीवर वळवलं. तोंडातून लाळ वाहून गेली, श्वास लागला. मला ते क्षण संपतच नाहीत असं वाटत होतं. मी कधी फारसं देवाचं करत नाही, पण त्या वेळी कुठल्या कुठल्या देवांना मी हाक मारली ते माझं मलाच माहीत.

मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही. शेजारच्याच रिक्षातून त्यांना नेलं, तपासण्या झाल्या. जन्मात पहिल्यांदाच आलेली फिट म्हणून ठेवून घेतलं. कपडे बदलताना खिशातून कॅप्सूल निघाल्या आणि सगळा उलगडा झाला. चाची त्या हातात घेऊन बघतच राहिली. मग खाटेशी बसून त्यांना एवढं बोलली, एवढं बोलली, की शेवटी नर्सनंच तिला बाहेर नेलं. बाहेर येऊन ती माझ्या खांद्यावर रडली.

घरी सोडल्यावर आम्ही चाचांना विश्रामबागला घेऊन गेलो. मीही गेले, साताऱ्याला परत जावंसं वाटेना. डॉक्टर प्रियदर्शनी वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "चाचा, कॅप्सूल उघडून किती पावडर घेत होता?"

"आंदाजानं."

"कशाच्या अंदाजानं?"

"दुकण्याच्या. आज किती दुकतंय त्ये बगून."

"त्या औषधाचं तसं चालत नाही, चाचा. आज दुखलं म्हणून आज दोन, नाही दुखलं म्हणून आज नाही, असं केलं तर नस कधीच शांत होणार नाही. ते रोज ठरल्या वेळी, ठरलं तेवढंच पोटात जायला पाहिजे. आणि शरीराला त्याची सवय झालेली असताना एकदम बंद केलं, की मेंदू भडकतो. ज्याला कधी फिट आली नाही त्यालाही येऊ शकते. तुम्ही तर मध्ये मध्ये दोन-दोन घेत होता."

चाचा पुटपुटले, "म्हंजी फिटंचीच गोळी हाय ती."

"फिटसाठीही देतात, चिडलेल्या नसेसाठीही देतात. तुम्हांला नसेसाठी दिली होती. उगीच गल्लीचं ऐकू नका."

चाचा खाली मान घालून बसले. तेवढ्यात नौशीन हळूच म्हणाली, "दादा, तुमीच सांगता न्हवं का, एकदम कानस मारली की हाड जातं, ते परत भरून येत न्हाई? तुमी सोताच्या अंगावर एकदम कानस मारली." नौशीन आजोबांना दादा म्हणते. दादांनी तिच्याकडे बघितलं, मग आपल्या उजव्या हाताकडे.

डॉक्टरांनी पुन्हा थोडक्यापासून सुरुवात करायला सांगितली. ह्या वयात मूत्रपिंडाचा अंदाज घेऊन मात्रा ठरवावी लागते म्हणून रक्ताचा रिपोर्ट नीट बघितला. एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत. पांढरं औषध घ्यायचंच असेल तर आधी घ्या आणि गोळी दोन तासांनी. झोपेची दुसरी कुठली गोळी मनानं नाही. पुढं कधी बंद करायची झाली तरी एकदम नाही, उतरवत उतरवत. आणि अंगावर सूज आली, मन फार उदास झालं, बोलताना जीभ जड झाली, तर वाट न बघता फोन.

"आनि कान?" चाचांनी विचारलं. त्यांचा आवाज एवढा बारीक मी कधी ऐकला नव्हता. "गोळी घेतली की मला गंधार ऐकू येत न्हाई. बाकी समदं येतंय. त्यो येत न्हाई."

डॉक्टर म्हणाल्या, "गुंगीमुळं तसं होत असेल. बऱ्याच जणांची पहिल्या काही आठवड्यांत उतरते. नाही उतरली तर मला सांगा, मी वेळ बदलीन, मात्रा बदलीन. तुम्ही मनानं बदलायची नाही. मात्र गुंगी आहे तोवर कानस, छिन्नी, सायकल, सगळं लांब."

"मग माजं काय ऱ्हायलं?"

डॉक्टरांनी उगीच धीर दिला नाही, पुन्हा कधी यायचं ते तेवढं लिहून दिलं. मला ते आवडलं.

घरी आल्यावर चाचांनी माझा तंबोरा पुढ्यात घेतला. घोडीवर आडवा खोल ओरखडा पडला होता. ती घोडी संपली होती. त्यावर बोट फिरवून म्हणाले, "सुभेदारसाबानं उभं ऱ्हाऊन न्हेला हुता गं ह्यो." मी त्यांना ती एसटीची गोष्ट केव्हा सांगितली होती मला आठवतही नव्हतं. मला हुंदका आवरेना. मी त्या घोडीसाठी रडत होते की आबांसाठी, की ह्या म्हाताऱ्यासाठी, ते मला आजही वेगळं करून सांगता येणार नाही. चाचांनी कानस फडक्यात गुंडाळून कपाटावर टाकली. मी तंबोरा तिथंच ठेवून रिकाम्या हातानं साताऱ्याला आले.

पुढचे दोन-अडीच महिने मी बिनतंबोऱ्याची शिकवत होते. विद्यार्थिनींनी फोन पुढं केला, मी तोही चालवून घेतला. चाचीचा फोन यायचा. गोळी वेळेवर चाललीय. नौशीन आपल्या हातानं अख्खी कॅप्सूल देते आणि गिळेपर्यंत समोर उभी राहते. आग कमी होतीय, बनियन घालून बसतात आता. पण बोलत नाहीत. दुकानात बसून तुझ्या तंबोऱ्याकडे बघत राहतात. गिऱ्हाईक आलं तर दुसऱ्याकडे पाठवतात. "दुकणं बरं हुतं, आरडत तरी हुते," चाची म्हणाली. मला त्या वाक्यानं फार अस्वस्थ केलं.

मग एक दिवस तिचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात. सकाळी चाचा नौशीनला म्हणाले होते, "ती कानस काड कपाटावरची." तिनं काढली. त्यांनी हात पुढं केला. तिनं दिली नाही. म्हणाली, "दादा, आत्ता गोळी घेतलीय तुमी." ते तिच्याकडे बघत राहिले. चाचीला वाटलं आता घरातली भांडीकुंडी फुटणार. पण ते म्हणाले, "मग तूच घास."

मी त्याच आठवड्यात निघाले.

दुकान तसंच होतं. भोपळे तसेच टांगलेले. चाचांच्या जागेवर नौशीन बसली होती, आणि चाचा तिच्या समोर, गिऱ्हाइकाच्या जागेवर, भिंतीला टेकून. मला बघून हसले. त्यांचं हसणं जागेवर आलेलं बघून मला एवढं बरं वाटलं की मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. चाचीनं आतून चहा आणला आणि माझ्या बशीत गुळाचा एक खडा ठेवला. इतक्या वर्षांत तिनं तसं पुन्हा कधी केलं नव्हतं. मी तिच्याकडे बघितलं तोवर ती आत गेली होती.

माझ्या तंबोऱ्यावर नवी घोडी होती. पांढरीशुभ्र, अजून कोरी. नौशीननं ती चार दिवस खपून कापली होती, आकार दिला होता. जवारी तेवढी माझ्यासमोर काढायची ठेवली होती.

तिनं घासलं, तार छेडली. चाचांनी मान हलवली. "मागनं. उजवीकडं. नुसतं शिवव, घासू नको." तिनं पुन्हा घासलं. ती प्रत्येक वेळी कानस टेकवताना श्वास रोखायची, अगदी त्यांच्यासारखी. मी त्या दोघांकडे बघत होते आणि मला तिशीतले चाचा दिसत होते, कानावर पेन्सिल असलेले, आणि बाजूला पेंगणारे आबा. दुपार सरत चालली. चाची दोनदा डोकावून गेली.

मग नौशीननं खर्जाची तार छेडली आणि कानस खाली ठेवली.

चाचांनी डोळे उघडले. "का थांबलीस?"

"आला, दादा."

"कुटं आलाय? मला न्हाई आला."

"आलाय."

"गंधार म्हंजी पोरखेळ न्हवं. घास आजून."

नौशीननं कानस उचलली नाही. तिचा चेहरा घाबरलेला होता, पण हात मांडीवर घट्ट होता. तिनं तीच तार पुन्हा छेडली. चाचांचा चेहरा आधी रागावलेला, मग ताणलेला. ते पुढं सरकले, त्यांनी आपला कान दांडीला टेकवला, तसाच जसा एकदा माझा टेकवला होता. तिनं पुन्हा छेडली. आता मलाही तो येत होता, खर्जाच्या पोटातून, कोवळा, स्वच्छ.

चाचांचं एक बोट हळूहळू वर आलं.

"आला," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही त्यांना शुद्ध नव्हती. "अंजना, बगितलंस न्हवं? माज्या आदी हिला आला."

मी तंबोरा मांडीवर घेतला आणि सा लावला. आवाज फाटला, वयानं फाटला आणि रडण्यानंही.

नौशीनच्या मोबाइलचा गजर वाजला, गोळीच्या वेळेचा. ती उठायला लागली, पण चाचांनी तिला हातानं खाली बसवलं, दारातून आत हाक मारली.

"खातून, माजी गोळी आन. आता डोळा लागला तरी चालतंय."